ठराव झाला, तरी गटार का होत नाही?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचं गाव क वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान वर्गाच्या नगरपरिषदेचं. गल्लीतलं कच्चं गटार पक्कं करायचा ठराव २०२४ मध्ये, प्रशासकांच्या काळात झाला. ठरावाची प्रत तुमच्याकडे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक होऊन नवे नगरसेवक आले. ते म्हणतात, मुख्याधिकारी फाईल हलवत नाहीत. कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळतं, निधी नाही. तुम्ही तीन अर्ज दिलेत, गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेऊन दिलेत, आणि आता विचारता आहात, की नेमकं धरायचं कुणाला?

मी नगरपरिषदेच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली. बांधकाम विभागात लिपिक म्हणून लागलो, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात चार गावं झाली. त्या अनुभवावरून सांगतो, माणूस धरू नका, फाईल धरा. नगरसेवक बदलतात, मुख्याधिकाऱ्यांची दोन-तीन वर्षांत बदली होते, पण फाईल तिथंच असते. ती कुठल्या टेबलावर, कुठल्या पानावर थांबली आहे हे एकदा कळलं, की पुढं कुणाकडे जायचं ते आपोआप कळतं.

आधी ठरावाची प्रत काढा आणि शेवटची दोन वाक्यं वाचा. बहुतेक लोक विषय वाचतात, ‘मंजूर’ हा शब्द वाचतात आणि प्रत घडी करून ठेवतात. खरी गोष्ट शेवटी असते. ‘सदर कामाच्या रुपये अमुक इतक्या अंदाजपत्रकास व खर्चास अमुक लेखाशीर्षाखाली मान्यता देण्यात येत आहे’ असं लिहिलं असेल, तर काम पैशापर्यंत पोचलेलं आहे. (लेखाशीर्ष म्हणजे जमाखर्चातला त्या खर्चाचा ठरावीक रकाना.) पण तिथं ‘निधी उपलब्धतेनुसार काम हाती घेण्यात यावे’ किंवा ‘शासनाकडे प्रस्ताव सादर करण्यास मान्यता देण्यात येते’ असं असेल, तर सभागृहानं फक्त एवढंच म्हटलंय, की हे काम व्हायला हवं. पहिल्या प्रकारात अडलेली फाईल कार्यालयात सापडते. दुसऱ्या प्रकारात फाईल तयारच झालेली नसते, एका वहीत कामाचं नाव लिहिलेलं असतं एवढंच. तुमची प्रत कोणत्या प्रकारची आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता कुणी तरी तुम्हाला सांगेल, ‘तो प्रशासकांचा ठराव होता, आता सभागृह नवीन आहे.’ त्यानं बिचकू नका. बऱ्याच नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका होईपर्यंत प्रशासकच सभागृहाचे अधिकार वापरत होते. त्या काळातला ठराव नगरपरिषदेचाच ठराव असतो. सभागृह बदललं म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. रद्द करायचा असेल तर नव्या सभागृहाला तसा ठराव करावा लागेल, आणि गटार नको असा ठराव कुठला नगरसेवक मांडेल असं मला वाटत नाही.

अधिकारांची वाटणी थोडी समजून घ्या, म्हणजे टोलवाटोलवीत तुमची फेरी वाया जाणार नाही. आपल्याकडच्या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमानं चालतात. त्यातल्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत, आणि गटारं त्यात येतात. म्हणजे तुम्ही मागताय ती मेहेरबानी नाही. काय करायचं हे सभागृह ठरवतं, ते करून दाखवायची जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची. नगरसेवक एकटा काहीच मंजूर करू शकत नाही, त्याचं बळ सभागृहातल्या मतात आणि पाठपुराव्यात असतं. मुख्याधिकारीही एखादं काम ‘करणार नाही’ असं म्हणत नाहीत. तरतूद नाही, तांत्रिक मान्यता नाही, जागेचा वाद आहे, असं कागदावर लिहितात. ते लिहिलेलं वाक्य तुमच्या हातात यायला हवं. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. गटाराच्या ठरावाला असं क्वचित होतं, पण सभेच्या विषयपत्रिकेवर नसलेला विषय ऐनवेळी घेऊन केलेले ठराव असे अडकलेले मी पाहिले आहेत. म्हणून प्रतीवर विषय क्रमांक आहे, की ‘ऐनवेळचा विषय’ असं लिहिलंय, तेही बघून ठेवा.

‘निधी नाही’ या उत्तराबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात.

नगरपरिषदेकडे पैसा एकाच पेटीत नसतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडे बाजाराची वसुली, हा स्वतःचा पैसा. लहान गावात तो वीजबिल, डिझेल, ब्लिचिंग, तुरटी, रोजंदारीची माणसं यांतच जातो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. तिच्या बदल्यात शासनाचं सहायक अनुदान येतं, ते पगाराला लागतं. त्यामुळे नवीन गटार, नवीन रस्ता अशी कामं बहुतांशी बाहेरून येणाऱ्या निधीवर होतात. केंद्राचा वित्त आयोग, राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा, वस्ती त्या प्रकारची असेल तर दलित वस्ती सुधार, आमदार-खासदारांच्या शिफारशीनं येणारा निधी. या प्रत्येक पेटीचं कुलूप वेगळं आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगात आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरता येणारा होता. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. तुमच्या गावच्या बँक खात्यात भरपूर पैसे पडून असू शकतात आणि तरीही तुमच्या गटाराला त्यातला रुपया देता येत नाही, असं खरोखर घडतं. म्हणून ‘निधी नाही’ असं म्हणणारा लिपिक दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारणारं कुणी नसतं, एवढंच.

तो पुढचा प्रश्न असा: ‘हे काम कुठल्या योजनेत, कुठल्या लेखाशीर्षाखाली प्रस्तावित केलंय? त्या शीर्षात या वर्षी तरतूद किती, खर्च किती झाला, शिल्लक किती?’ एवढं विचारलंत की समोरच्याला वही उघडावी लागते. काही योजनांत नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, आणि तो भरायला पैसे नसल्यामुळे आलेला निधी वापरता येत नाही. तुमचं प्रकरण असं असेल, तर गावातली घरपट्टीची थकबाकी हाही तुमच्या गटाराचाच प्रश्न आहे. मी स्वतः वसुलीला फिरलो आहे. दुमजली दुकानं असलेले लोक दोन-दोन वर्षं थकवतात आणि पत्र्याच्या खोलीत राहणारी बाई मार्चच्या आत पावती फाडून घेऊन जाते, हे बघताना फार वाईट वाटायचं.

आता फाईल. ठरावानंतर (किंवा त्याआधीच) कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजमाप घेतो आणि दरसूचीप्रमाणे, म्हणजे शासनाच्या ठरलेल्या दरांनी, अंदाजपत्रक तयार करतो. इथं एक घोळ होतो, तो सांगून ठेवतो. नगरपरिषदेत ‘अंदाजपत्रक’ हा शब्द वर्षाच्या जमाखर्चालाही वापरतात आणि एका कामाच्या खर्चालाही. ‘अंदाजपत्रकात घेतलंय’ असं कुणी म्हणालं तर कुठल्या, ते विचारा. मग तांत्रिक मान्यता. लहान रकमेची नगरपरिषदेच्या अभियंत्याकडे होते, मोठ्या रकमेची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जीवन प्राधिकरणाकडे जाते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, निविदा, दर मंजुरी, करारनामा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. आदेश निघाल्याशिवाय ठेकेदार कुदळ मारू शकत नाही. या साखळीत तुमची फाईल कुठं आहे, एवढाच तुमचा प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगतो. एका गावात अशीच एका गल्लीच्या गटाराची फाईल दीड वर्ष बांधकाम विभागात होती. ठराव होता, तरतूद होती. गल्लीतले लोक नगराध्यक्षांवर चिडलेले, नगराध्यक्ष आमच्यावर. मी त्या विभागात नव्यानं आलो होतो. फाईल उघडली. टिपणीच्या, म्हणजे फाईलमधल्या शेऱ्यांच्या, सातव्या पानावर आधीच्या अभियंत्यानं पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले होते, ‘निचरा कोठे?’ त्यावर कुणीच काही लिहिलं नव्हतं. सही नाही, तारीख नाही, फाईल तिथंच बांधून ठेवलेली. मी आणि अभियंता जागेवर गेलो तेव्हा कळलं, की गल्लीच्या खालच्या टोकाला पूर्वी ओढ्याकडे जाणारा जो मोकळा पट्टा होता, त्यावर दोन पायऱ्या आणि एक न्हाणीघर बांधलं गेलं होतं. वरून कितीही पक्कं गटार केलं असतं, तरी पाणी त्या न्हाणीघराच्या भिंतीशी तुंबलं असतं. उलट पक्क्या गटारातून ते जास्त वेगानं येऊन शेवटच्या तीन घरांत शिरलं असतं. अभियंता बरोबर होता. पण त्यानं ते नीट लिहिलं नाही, आणि गल्लीतल्या लोकांना कुणी सांगितलं नाही. पुढं त्याच घरमालकाशी बोलून, पायऱ्यांखालून पाईप टाकायचं ठरलं, अंदाजपत्रक सुधारलं आणि काम झालं. दीड वर्ष ज्यावर भांडण चाललं होतं, त्याचं कारण भांडणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

म्हणून अर्ज करण्याआधी एक काम करा. जोराचा पाऊस पडला की छत्री घेऊन गल्लीच्या वरच्या टोकापासून खाली चालत जा. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं थांबतं आणि शेवटी कुठं जातं, ते बघा. फोनवर व्हिडिओ काढा. कच्चं गटार पुढं ज्या गटाराला मिळतं, त्याचा तळ तुमच्या तळापेक्षा खाली आहे ना? नसेल तर तुमची मागणी ‘गल्लीत गटार’ एवढी पुरेशी नाही, ‘अमुक चौकापर्यंत निचऱ्यासह गटार’ अशी हवी. पाऊस नसेल तर वरच्या टोकाला दोन घागरी ओतून बघा.

आता कागद कसा मिळवायचा. तुमचे तीन अर्ज ‘काम करावे ही विनंती’ असे आहेत. त्यांचं उत्तर ‘नोंद घेतली’ एवढंच येणार. माहिती अधिकाराखाली अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ‘काम का झाले नाही’ असं विचारू नका. कायदा कागद द्यायला सांगतो, कारण द्यायला नाही, आणि ‘का’ला ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतं. असं लिहा:

‘ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, विषय अमुक गल्लीत आरसीसी गटार बांधणे, या कामाच्या नस्तीतील सर्व टिपणी पाने, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदाविषयक कागदपत्रे यांच्या छायाप्रती मिळाव्यात. सदर काम ज्या लेखाशीर्षाखाली प्रस्तावित आहे, त्या शीर्षातील चालू आर्थिक वर्षाची तरतूद, झालेला खर्च व शिल्लक दर्शविणाऱ्या नोंदीची प्रत मिळावी.’

नस्ती म्हणजे फाईल. ‘टिपणी पाने’ हे दोन शब्द विसरू नका. सगळं तिथं असतं. कुणी काय शेरा मारला, कधी मारला, आणि त्यानंतर किती महिने पुढचा शेरा नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करा. आणि खरं सांगायचं तर अर्जाच्याही आधी एक सोपी वाट आहे. राज्य शासनानं २०१८ मध्ये परिपत्रक काढलंय, की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना स्थानिक कार्यालयांतले अभिलेख बघू द्यावेत. हे अनेक गावांत कुणाला माहीत नाही, कधीकधी कार्यालयातल्या लोकांनाही नाही. परिपत्रकाची प्रत बरोबर न्या, आवाज न चढवता मागणी करा. दोघी-तिघी जा. फाईल समोर आली, की टिपणीचं शेवटचं पान आधी वाचा.

लिपिकाशी वागण्याबद्दल एक शब्द. क वर्ग नगरपरिषदेत एकेका टेबलावर तीन-तीन विभागांचं काम असतं, पदं रिकामी असतात, आणि निवडणूक, मतदार याद्या, सर्वेक्षणं ही सगळी कामं त्याच माणसांवर येतात. मी हे त्यांची बाजू म्हणून सांगत नाही, त्याचा तुमच्या कामाशी संबंध आहे म्हणून सांगतो. तुम्ही ठराव क्रमांक, तारीख आणि आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक एका कागदावर लिहून नेलेत, तर फाईल पाच मिनिटांत निघते. ‘ते आमच्या गल्लीचं’ म्हणालात, तर ‘पुढच्या आठवड्यात या’ होतं. यापुढं प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

समजा कागद बघून कळलं, की काम कुठल्याच शीर्षात घेतलेलं नाही. मग वेळ सांभाळा. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते आणि फेब्रुवारीत तो विशेष सभेत मंजूर होतो. मार्चमध्ये तुम्ही कितीही तळमळीनं बोललात, तरी रकाने भरून झालेले असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नगरसेवकाला घरी बोलवा, व्हिडिओ दाखवा आणि एकच मागणी करा, की हे काम नाव आणि रकमेसह पुढच्या अर्थसंकल्पात किंवा योजनेच्या प्रस्तावात घालून त्याची प्रत आम्हाला द्या. नवे नगरसेवक आहेत, त्यांनाही ही वाट कुणी दाखवलेली नसते. तुमच्या प्रभागातले नगरसेवक वेगळ्या पक्षाचे आणि नगराध्यक्ष वेगळ्या पक्षाचे असतील, तर दोघांकडे वेगवेगळे जाऊन तोच कागद द्या. नगराध्यक्ष आता थेट लोकांमधून निवडून आलेले आहेत, त्यांना साऱ्या गावाची मतं लागतात.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांत एकदा तरी व्हायला हवी, आणि तिची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते. ती कार्यालयाच्या सूचना फलकावर लागते. फलक बघायची सवय लावा. विषय निघणार असेल तर आदल्या आठवड्यातच नगरसेवकाला ठराव क्रमांक आणि टिपणीतला अडकलेला शेरा लिहून द्या. सभेत ‘आमच्या गल्लीवर अन्याय होतोय’ असं कुणी म्हणालं तर ते इतिवृत्तात एका ओळीत विरून जातं. ‘टिपणी पान सातवरच्या शेऱ्यावर नऊ महिने कार्यवाही का नाही’ असं विचारलं, तर मुख्याधिकाऱ्यांना त्याच सभेत उत्तर द्यावं लागतं. नगरसेवकांपैकी एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सभाही बोलावता येते, पण एका गटारासाठी तिथवर जाऊ नये असं माझं मत आहे. हे सगळं करूनही कागद हलला नाही, तर जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, माहिती अधिकारात मिळालेली पानं जोडून तक्रार द्या. रिकाम्या हातानं गेलात तर तीच तक्रार पुन्हा तुमच्याच नगरपरिषदेकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ येते.

काम सुरू झाल्यावरही लक्ष हवं, आणि ते लक्ष गल्लीतल्या लोकांइतकं कुणीच ठेवू शकत नाही. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लागला आहे का बघा. काँक्रीट पडण्याआधी तळ खोदून झाला, की टेप घेऊन रुंदी-खोली मोजा आणि अंदाजपत्रकाशी ताडा. एकदा काँक्रीट पडलं की खाली काय आहे ते दिसत नाही. आणि पाणी मारणं! उन्हाळ्यात केलेल्या गटारावर दिवसातून दोन-तीन वेळा पाणी मारलं नाही, तर पुढच्या पावसाआधीच त्याचे काठ सुटतात. ठेकेदाराचा माणूस दुसऱ्या कामावर निघून जातो. एका गावात बायकांनी आपापल्या दारापुढचा तुकडा वाटून घेतला होता, त्यावर गोणपाट टाकून आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. ते काम ठेकेदाराचंच होतं आणि त्यांनी ते करायला नको होतं, हे मान्य. पण ते गटार मी बदली होऊन गेल्यानंतर सहा वर्षांनी पाहिलं, तेव्हाही धड होतं.

अंतिम देयक निघण्याआधी अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी हजर राहा, आणि त्याच्यासमोर वरच्या टोकाला घागरभर पाणी ओता. पाणी मध्ये न थांबता खालच्या टोकाला गेलं तर उतार बरोबर आहे. मध्येच डबकं झालं तर तिथल्या तिथं लेखी द्या, कारण देयक निघाल्यावर ठेकेदाराला परत बोलावणं फार अवघड जातं. करारात दोषदायित्वाचा कालावधी आणि सुरक्षा अनामत असते. त्या मुदतीत गटार फुटलं तर स्वखर्चानं दुरुस्त करायची जबाबदारी ठेकेदाराची. ती मुदत कुठल्या तारखेला संपते, ते करारनाम्याच्या प्रतीतून काढून घ्या आणि संपण्याच्या दोन महिने आधी गल्लीतून एकदा पुन्हा चालत जा.

तुमच्या ठरावाची शेवटची दोन वाक्यं मला जशीच्या तशी लिहून पाठवा. त्यावरून आधी सोमवारी फाईल बघायला जायचं, की सरळ हिवाळ्याच्या तयारीला लागायचं, ते सांगतो.